नाल्याच्या अलीकडचा दगड

नले,

फोटो परत खिळ्यावर लावलाय. हॉलमध्ये, टीव्हीच्या डाव्या हाताला, जिथे तुला दर वेळी नुसता खिळा दिसायचा. "कुमे, इथे काहीतरी असतं ना गं?" असं तू विचारायचीस आणि मी म्हणायचे, "काच फुटलीय, फ्रेमवाल्याकडे दिलाय." शेवटच्या खेपेला तू चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत म्हणालीस, "किती वेळा फुटते गं तुझी काच?" मी तुझ्या चहात साखर घालायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळाले. तू बिनसाखरेचा पितेस हे मला चाळीस वर्षं माहीत होतं.

तुला जाऊन सतरा दिवस झाले. तुझ्या घरून, हर्नडनहून, मैथिलीचा फोन आला. तुझी शेवटची विद्यार्थिनी, नागपूरची, तुला मॅडम म्हणणारी आणि मला मावशी. मी तेव्हा इथे चँडलरच्या घरापुढे पाइपानं खडी धूत होते. वाऱ्यानं धूळ बसली की मी धुते. सुनेला ते पटत नाही, वाळवंटात राहून पाणी वाया घालवता म्हणते. "मावशी, मॅडम गेल्या," मैथिली म्हणाली. "सकाळीच. मी बाजूलाच बसले होते." मी नळ बंद केला आणि तिथेच खडीवर बसले. पाणी पडलं होतं तेवढी जागा सोडून बाकीची तव्यासारखी तापली होती. मी नेमकी त्या तापलेल्या जागेवर बसले, आणि बसूनच राहिले.

ह्याच खडीवरून तू अमेरिकेत मला पहिल्यांदा हसली होतीस. इथे गवत जगवायचं म्हणजे पाण्याचे हाल, म्हणून सगळे घरापुढे खडी पसरतात आणि मधूनमधून मोठाले दगड ठेवतात. आमचे दगड अरविंदनी दुकानात जाऊन, एकेक हातानं थोपटून निवडले होते. तू टॅक्सीतून उतरलीस, बॅग खाली ठेवलीस, कमरेवर हात घेतलेस आणि ओरडलीस, "अरे देवा! कुमुदनं मोरेन विकत घेतलं!"

अरविंद बिचारे विचारतात, "म्हणजे काय?"

मग तू त्यांना उन्हात उभं करून शिकवलंस. हिमनदी डोंगर खरवडत खाली येते. वाटेत येईल ते उचलते. वितळते तेव्हा हातात असेल ते तिथल्या तिथे टाकून देते, त्या ढिगाला मोरेन म्हणायचं. "नदी कशी, शहाणी बाई. गोटे वेगळे, वाळू वेगळी, गाळ वेगळा, सगळं निवडून ठेवते. बर्फाला निवडणं-टिपणं माहीतच नाही. घराएवढा दगड आणि पिठासारखी माती, एकाच ढिगात."

"मग हे मोरेन नाही," अरविंद गंभीरपणे म्हणाले. "हे सगळे एका साइजचे आहेत. मी मुद्दाम तसे मागितले होते."

तू हसून हसून बॅगेवरच बसलीस. मीही हसले. पण खरं सांगू, तुझ्या तोंडून मोरेन हा शब्द आला की मला तिथून पळावंसं वाटायचं. का वाटायचं ते तुला सांगायचं होतं. तू होतीस तेव्हा सांगायचं होतं. तेवढी छाती झाली नाही, म्हणून आता हे लिहीत बसलेय, जेव्हा तू वाचणार नाहीस. माझी शूरता नेहमी अशीच वेळेवर येते.

आपण दोघी एकवीस वर्षांच्या होतो. पुण्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलेल्या मुली अख्ख्या वर्गात दोन, म्हणून मैत्री झाली. एरवी तुझंमाझं जमायचं काही कारण नव्हतं. तू पहाटे उठून दगडांची नावं पाठ करायचीस, मी आरशापुढे भुवया उडवायचा सराव करायचे. सरांनी आपल्याला लाहौलच्या मोहिमेवर न्यायचं कबूल केलं तेव्हा तुझ्या ट्रंकेत हातोडा, होकायंत्र आणि कोऱ्या वह्या होत्या. माझ्या ट्रंकेत शिकेकाई होती, दोन पुड्या, आणि एक हातआरसा. ह्या बाईला हिमालयात नेणाऱ्या सरांचं मला आजही आश्चर्य वाटतं.

रोहतांग ओलांडला, मग खेचरांच्या मागून तीन दिवस चाललो, आणि एका वळणावर ती दरी उघडली. तू जागच्या जागी थांबलीस. तळ सपाट, रुंद. दोन्ही बाजू भिंतीसारख्या सरळ वर गेलेल्या. "कुमे, बघ. हे नदीचं काम नाही. नदी सुरीनं कापते. इथे कुणीतरी उलथनं घेऊन खरवडलंय." पुढे दोन्ही कडांना दगडमातीचे लांबच लांब बांध होते, घराहून उंच. मी विचारलं, "एवढे बांध कुणी घातले?" तू म्हणालीस, "बर्फानं. कधीकाळी तो एवढा उंच होता. बादलीला साबणाची रेघ राहते ना, तशी ही त्याची रेघ." एका उघड्या खडकावर तू चक्क पालथी पडलीस आणि त्यावरच्या ओरखड्यांवरून बोट फिरवत राहिलीस. मला वाटलं तुला घेरी आली. जवळ आले तर डोळ्यांत पाणी. "इथून गेला गं तो. ह्या बाजूनं आला आणि त्या बाजूला गेला. हाताला कळतंय."

मला काय कळलं? मला कळलं की इथे ऊन चांगलं आहे आणि मागचा देखावा फोटोला झकास आहे.

कारण माझं लग्न ठरायच्या बेतात होतं. मुलगा अमेरिकेत, इंजिनिअर. आईनं निघताना कानात सांगितलं होतं, एखादा छानसा फोटो काढून आण, पाठवता येईल. मी मनात तो फोटो केव्हाच काढला होता. बर्फाळ डोंगर, हातात बर्फ फोडायची कुऱ्हाड, मोकळे केस. त्यातली कुऱ्हाड तुझी होती आणि केस तेवढे माझे होते, पण ते आठ दिवस धुतलेले नव्हते.

नले, आता ती दुपार.

काम साधं होतं. बर्फाच्या टोकापासून पुढे एका पक्क्या दगडावर लाल रंगानं बाण काढायचा. मग दरवर्षी येऊन त्या बाणापासून बर्फापर्यंत फीत धरायची. अंतर वाढलं तर बर्फ तेवढा मागे गेला. सगळी भिस्त खुणेवर. खूण तसूभर हलता कामा नये. सर आदल्या दिवशी वरून जागा बघून आले होते. नाल्यापलीकडे जुन्या मोरेनची धार होती, गवत उगवलेली, दगडांवर दगडफुलाचे डाग पडलेली. "दगडफूल तिथेच धरतं, जिथे दगड वर्षानुवर्षं हललेला नाही," सर म्हणाले. "खूण तिकडे करायची. अलीकडचा ढीग दिसायला भक्कम आहे, पण तो ताजा आहे. त्याच्या पोटात अजून बर्फ आहे. बर्फ वितळला की वरचे दगड घसरणार."

खरं तर हे काम तुझंच. पण तुला उंची बाधली होती. उलट्या, डोकं फुटतंय, डोळे उघडवत नाहीत. बर्फाच्या टोकापर्यंत तू त्या वर्षी पोचलीच नाहीस. सर वरच्या अंगाला गेलेले. तंबूतून तू मला म्हणालीस, "कुमे, सकाळीच जा हं. दुपारी वर बर्फ वितळतो आणि नाला वाढतो."

मी म्हटलं, "हो गं, माहितीय."

आणि मी केस धुतले.

ताशी, आपला स्वयंपाकी, त्यानं रॉकेल मोजून वापरायचं म्हणून कुरकुर केली, पण दीदी दीदी करत दोन पातेली पाणी तापवून दिलं. मग ते केस वाळवायचे. एका उन्हानं तापलेल्या दगडावर मी केस पसरून दोन तास पडले होते, डोक्यावर गालिचा वाळत घातल्यासारखी. रंगाचा डबा घेऊन नाल्यावर पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. पाणी काळपट मातकट झालेलं आणि आतून दगड गडगडत चाललेले. तो आवाज पायांच्या तळव्यांना लागत होता. मी गुडघ्यापर्यंत गेले. पाय बधिर झाले, एक गोटा घोट्यावर येऊन आदळला, आणि मी मागे फिरले.

अलीकडच्या ढिगावर टेबलाएवढा एक सपाट दगड होता. स्वच्छ, एकही डाग नसलेला. मला तोच तर आवडला! रंग किती छान बसेल. वाकले तेव्हा दगडाच्या खालून आवाज आला, टिप, टिप, टिप. कडेच्या फटीत बोट घातलं तर गार काळा बर्फ लागला. नले, मला कळलं होतं. मी अडाणी असते तर बरं होतं. मला कळलं, मी बोट पुसलं आणि बाण काढला. खाली "न" आणि "कु" अशी अक्षरं काढली. "कु" जरा मोठं.

मग ताशीला वर बोलावून फोटो काढून घेतला. एक पाय त्याच दगडावर, हातात तुझी कुऱ्हाड, केस वाऱ्यावर. माझ्या मागे फुगलेला नाला आणि नाल्याच्या मागे ती गवताची धार, सगळं स्वच्छ. पोरानं फोटो मात्र चांगला काढला.

संध्याकाळी वहीत लिहिलं: जुनी मोरेन, नाल्यापलीकडे, दगडफूल भरपूर, दगड स्थिर. माझ्या अक्षराचं सर नेहमी कौतुक करायचे.

उद्या पहाटे जाऊन पलीकडे नवी खूण करायची आणि ही खरवडून टाकायची, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं गं. पहाटे बर्फ पडायला लागला आणि सरांनी तंबू उतरवायला सांगितले.

आणि त्या फोटोची शोभा ऐक. तो धुऊन, मोठा करून, पोस्टानं जाईपर्यंत अरविंदनी पत्रिका जुळल्याबरोबर होकार कळवून टाकला होता. लग्नानंतर मी लाडात विचारलं, फोटो आवडला होता का? म्हणाले, "कुठला फोटो?" असल्या फोटोसाठी मी तुझं वाटोळं केलं.

सर त्या हिवाळ्यात गेले. पुढच्या उन्हाळ्यात तू दुसऱ्या तुकडीबरोबर परत गेलीस आणि तिथून आल्यावर मला पत्र लिहिलंस. ते पत्र माझ्याकडे आहे, पण मला ते उघडावं लागत नाही. "कुमे, आपली खूण सापडली! आणि एक गंमत. तू लिहिलंयस नाल्यापलीकडे, पण दगड आता नाल्याच्या अलीकडे आहे. म्हणजे एका वर्षात नाल्यानं पात्रच बदललं! पुरानं दगड असा धुऊन काढलाय की दगडफुलाचा मागमूस नाही. बर्फ कितीतरी मागे गेलाय, सरांना वाटलं होतं त्याहून कितीतरी."

डोळ्यांसमोर उघडा दगड होता. त्याच्या पोटात तीच टिपटिप चालू असणार. तुझ्यासारख्या मुलीनं स्वतःच्या डोळ्यांना खोटं पाडलं आणि माझ्या वहीतल्या दोन ओळींना खरं धरलं. त्या दोन ओळी खऱ्या ठराव्यात म्हणून तू अख्खा नाला उचलून पलीकडे ठेवलास. दगड उतारावरून खाली सरकत होता, बर्फापासून लांब जात होता, आणि तू ते सगळं अंतर बर्फाच्या नावावर लिहीत होतीस.

मी उत्तर पाठवलं, "अभिनंदन! तुझा अभिमान वाटतो." आणि गाजराच्या हलव्याबद्दल काहीतरी.

तुझा पहिला शोधनिबंध त्यावरच उभा राहिला. त्यातली नाल्याबद्दलची दोन पानं मला पाठ आहेत. पुढे एका परिषदेत एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, तुमचा आकडा बाकीच्यांशी जुळत नाही, खूणच हलली नसेल कशावरून? तू उत्तर दिलंस, "ती माझ्या मैत्रिणीनं लावलीय." सगळी खोली हसली. तू हे मला फोनवर सांगितलंस तेव्हा तूही हसत होतीस, पण मधेच थांबून म्हणालीस, "हसायला काय झालं गं त्यांना?" त्यानंतर तू कितीतरी दऱ्या पालथ्या घातल्यास, इथे प्राध्यापक झालीस, तुझं बाकीचं काम कुणी हलवू शकलं नाही. पण त्या एका आकड्यावरून तू आयुष्यभर भांडलीस. कुणी चहाच्या कपावर विषय काढला तरी तुझे कान लाल व्हायचे.

आपलंही भांडण होतंच. "तू दगड सोडायला नको होतेस, कुमे." दर भेटीत एकदा तरी. मी म्हणायचे, "माझ्या नवऱ्याला दगड म्हणायची सोय आहे, काय कमी आहे?" तू चिडायचीस. "थट्टा नको करूस. तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले होते. लग्नानं तुझं नुकसान केलं." मी अरविंदवर तो आरोप खुशाल येऊ दिला. ते गेल्यानंतरही येऊ दिला. खरं म्हणजे परत त्या ढिगावर उभं राहायची माझी हिंमत नव्हती. लग्न सोयीचं पडलं, एवढंच. अजूनही उन्हाळ्यात एसीचं पाणी बाहेर ठिबकायला लागलं की मी उठून ती खिडकी लावते.

आणि ती मसाल्याची सकाळ. तू इथे आली होतीस, मी गोड्या मसाल्याची भाजणी काढली होती, आणि माझी नात रिया ओट्यावर बसून एकेक पुडी हुंगत होती. तिनं दगडफूल चिमटीत धरलं. "आजी, व्हॉट इज धिस? इट लुक्स डेड."

तू हातातला पेपर टाकून उठलीस. "डेड? अगं, ही फार चिवट बाई आहे. नखाएवढी व्हायला किती वर्षं घेते माहितीय? आणि दगड जरा उलटला की संपली. म्हणून आम्ही डोंगरात हिलाच विचारतो, बाई, हा दगड किती वर्षं जागेवर आहे? तुझ्या आजीनं असाच एक दगड शोधला होता. दुपारचा नाला भरलेला, आणि ही एकटी ओलांडून गेली. मी तंबूत ओकत पडले होते."

"आजी?" रिया म्हणाली. "अवर आजी? शी इज स्केअर्ड ऑफ द कार वॉश!"

"वाघीण होती तुझी आजी," तू म्हणालीस.

मी तुझ्याकडे पाठ करून कढईत झारा फिरवत होते. तोंडात शब्द आला होता. "नले, थांब," असा. एवढा एक शब्द निघाला असता तर बाकीचं आपोआप आलं असतं. कढईतून धूर आला. दगडफूल करपलं होतं. मी म्हटलं, "रिया, खिडकी उघड." तू तो कडवट मसाला हर्नडनला घेऊन गेलीस, वर्षभर खाल्लास आणि फोनवर म्हणालीस, ह्या खेपेला वेगळीच चव आहे, छान आहे.

आता राहिला तो तुझा शेवटचा फोन. आवाज पातळ झाला होता, पण हुकूम सोडणं तेच. "मैथिली ऑगस्टमध्ये आपल्या दरीत जातेय. जुनी खूण शोधून नव्यानं मोजणार आहे. रंग कधीच उडाला असेल. तू तिला सगळं लिहून दे. नाला कुठून ओलांडलास, दगड कसा निवडलास, सगळं. बघणारी तू एकटीच उरलीस."

"देते."

"नक्की?"

"नक्की गं."

"एकदा ते मोजून झालं ना, की कुणी माझ्या आकड्याला बोट लावायचं नाही." मग दम घेऊन म्हणालीस, "आणि ये, कुमे. तिकीट काढ."

मी तिकीट काढलं. बॅगेत दोन साड्यांच्या मधे फोटो ठेवला. ठरवलं होतं की तुझ्या पलंगावर बसायचं, फोटो हातात द्यायचा आणि गप्प राहायचं. तुला एक नजर पुरली असती. निघायच्या दिवशी सकाळी मुलगा गाडी काढून उभा आणि मी तिकीट कॅन्सल करायला लावलं. तुला कळवलं, गुडघा धरलाय. नले, गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. नाल्याच्या काठावरून मी दुसऱ्यांदा मागे फिरले. नऊ दिवसांनी तू गेलीस.

परवा मैथिलीचा पुन्हा फोन आला. तुझ्या वह्या तिच्याकडे आहेत, तुझी कुऱ्हाडही. "मावशी, तुम्ही ते लिहून देणार होतात. मला दगडाची जागा नकाशावर टाकायचीय." मी तिला थांबायला सांगितलं आणि रियाला हाक मारली. रियानं फ्रेम उघडली, फोटो स्कॅन केला आणि पाठवला. "आजी, यू वेअर हॉट," एवढं सर्टिफिकेट देऊन ती गेली.

मैथिली आधी हसली. "काय केस आहेत मावशी!" मग तिचं हसणं थांबलं. ती फोटो मोठा करून बघत असणार.

"मावशी, नाला तुमच्या मागे आहे."

"हो."

"हा त्याच दिवशीचा?"

"रंग ओला आहे बघ. ओघळ दिसेल."

"म्हणजे नाला सरकलाच नव्हता."

"नाही. मी सरकले नाही. नाल्यापलीकडे गेलेच नाही."

मग मी तिला सगळं सांगितलं, शिकेकाईपासून. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मॅडमनी त्या नाल्यावर दोन पानं लिहिलीत."

"पाठ आहेत मला."

"मी हे छापलं तर लोक म्हणतील, मॅडम चुकल्या. पहिल्याच कामात. त्या आता उत्तर द्यायला नाहीत."

"म्हणतील."

"आणि नाही छापलं तर?"

"तर तू एवढी लांब जाऊन माझ्या दगडाला फीत लावशील. माझं नाव घालून लिही. खोटी नोंद कुणी केली, का केली, सगळं. केसांचंही लिही."

ती रडायला लागली. मला वाटलं तुझ्यासाठी रडतेय, पण ती चिडली होती. "तुम्ही त्या असताना का नाही सांगितलंत? मावशी, तुम्हाला माहितीय त्या कशा होत्या? आमच्या कामात चूक सापडली की त्या खूष व्हायच्या. स्वतःच्या कामात सापडली की जास्त. म्हणायच्या, चला, आता खरं काय ते कळेल. तुम्ही सांगितलं असतं तर त्या चार दिवस ओरडल्या असत्या आणि पाचव्या दिवशी दरीत निघाल्या असत्या. तुम्ही त्यांचं ते घालवलंत."

नले, मी इतकी वर्षं तुझं नाव सांभाळतेय असं स्वतःला सांगत होते. पोरीनं अर्ध्या मिनिटात ते माझ्या हातातून काढून घेतलं. सांभाळत होते ते स्वतःला. तुझ्या नजरेत मी वाघीण होते आणि मला तसंच राहायचं होतं, बाकी काही नाही.

रडून झाल्यावर ती जरा मऊ झाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की सॅटेलाइटच्या चित्रांत बर्फ आता इतका वर गेलेला दिसतो की आपल्या चुकीचं अंतर त्यात कुठल्या कुठे बुडून जातं. बर्फ जातोय हे तुझं म्हणणं खरंच होतं. आकडा तेवढा खोटा. मला काही बरं वाटलं नाही. तू असतीस तर टेबलावर हात आपटून म्हणाली असतीस, आकडा म्हणजे आकडा. आणि त्या ढिगाच्या पोटातला बर्फही आता संपला असेल. माझा दगड एकदाचा खाली जाऊन टेकला असेल, कुठेतरी, इतर दगडांत. टिपटिप थांबली असेल. मला मात्र ती इथे ऐकू येते.

शेवटी मैथिलीनं विचारलं, "मग नवी खूण कुठे करू?"

"नाल्यापलीकडे. गवताची धार आहे, तिच्यावर. हात फिरवून बघ, दगडफूल धरलेला दगड खरखरीत लागतो. बाण बारीक काढ, रंग ओघळतो. खाली एक न लिही."

"आणि कु?"

"नको."

ती लिहून घेत होती, कागदाचा आवाज येत होता. मी म्हटलं, "आणि हे बघ, उजाडल्याबरोबर निघ. दुपारी पाणी वाढतं."

"हो मावशी, माहितीय."

नले, अगदी तसंच म्हणाली गं. तोच सूर.

"माहीत असतं सगळ्यांना," मी म्हटलं. "तू केस परत आल्यावर धू."